आधी बायोस, मग प्रोसेसर

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानदार म्हणू लागले, नवा डेस्कटॉपच घ्या. जरा थांबा. तुमच्याकडे २०१७ चा रायझन ५ १६०० असेल, तर विंडोज ११ च्या यादीत तो नाही, हे खरं. पण त्याच एएम४ मदरबोर्डवर, त्याच डीडीआर४ रॅमवर बहुधा रायझन ५ ५६०० बसतो. सहा कोअर, ६५ वॅट. पॉवर सप्लायही तोच चालतो.

५८००एक्स३डी भारी आहे, पण त्याची ९६ एमबी कॅश मुख्यतः गेमवाल्यांच्या कामाची. हिशेब आणि व्हिडिओ कॉलसाठी तो घेणं म्हणजे भाजी आणायला रणगाडा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र ५६००जी घ्या. साध्या ५६०० वर पडदा काळाच राहील.

क्रमाच्या बाबतीत मी अजून फौजीच आहे. बोर्ड कंपनीच्या यादीत नव्या प्रोसेसरचं नाव पाहा. जुना जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहा आणि ते तात्पुरतं थांबवा. त्याची किल्ली प्रोसेसरमधल्या एफटीपीएमशी बांधलेली असू शकते. तसाच प्रोसेसर बदललात, तर नातवंडांचे फोटो आत आणि आपण बाहेर.

कूलर काढण्यापूर्वी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट नरम करा. मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलका फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर प्रोसेसरही चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

नवा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होताना एफटीपीएम रीसेट करू का, असं विचारलं जाईल. रिकव्हरी कीचा कागद हातात असेल, तरच हो म्हणा.