घोड्याचे केस कापण्याचे यंत्र : निवड आणि निगा

(माटुंगा, मुंबई येथे अश्वपालक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माटुंगा हे नाव 'मातंग' म्हणजे हत्ती या शब्दावरून पडले, येथे पूर्वी राजाची हत्तीशाळा होती, असे परंपरेने सांगतात. आज येथे हत्ती नाहीत, आणि घोडा दिसतो तोही बहुधा लग्नाच्या वरातीत. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया २०१५ सालच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर बंद झाल्या. तथापि घोड्यावर ज्यांचे पोट आहे अशी कुटुंबे महाराष्ट्रात अद्याप पुष्कळ आहेत. माथेरानला घोडा हे आजही प्रवाशांचे नेहमीचे वाहन आहे. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या अश्वपालकांना उपयोगी पडेल असा एक लहानसा विषय मी आज घेतला आहे.

घोड्याच्या अंगावरील केसांचे वाढणे-गळणे मुख्यतः दिवसमानावर अवलंबून असते. दिवस लहान होऊ लागले की दाट केस येतात आणि दिवस मोठे होऊ लागले की ते गळतात. घोडा घामावाटे अंग थंड करतो. केस दाट असले म्हणजे काम केल्यावर घाम लवकर वाळत नाही. खोगीर व तंग यांच्याखाली ओल राहते आणि कातडी खराब होते. अशा वेळी केस कापणे हिताचे असते. परंतु कोकणपट्टीच्या उष्ण व दमट हवेत मारवाडी वा काठेवाडी घोड्याचे केस मुळातच बारीक असतात. रोजचा खरारा नीट झाला, तर त्याचे सर्वांग भादरण्याची गरज सहसा पडत नाही. म्हाताऱ्या घोड्याचे लांब केस उन्हाळ्यातही गळत नसतील, तर ते आजाराचे लक्षण असू शकते. तेथे यंत्राआधी पशुवैद्य हवा.

यंत्र घेण्यापूर्वी कामाचा अंदाज घ्यावा. खुरांमागचे केस, लगामाखालची पट्टी, जखमेभोवतालची जागा एवढेच काम असेल, तर बॅटरीवर चालणारे लहान यंत्र पुरेसे आहे. ते हलके असते, आवाज कमी करते आणि तबेल्यात वीज नसली तरी चालते. अनेक घोड्यांचे सर्वांग कापायचे असेल, तरच विजेवरचे मोठे यंत्र घ्यावे. त्याचे वजन किलोच्या आसपास असते. हातात धरून पाहिल्यावाचून ते विकत घेऊ नये. त्याला तीन पिनांचा प्लग व अर्थिंग असावे, आणि वीज झिरपताच प्रवाह तोडणारे उपकरण जोडलेले असावे. ओल्या जमिनीवर वा ओल्या अंगावर ते कधीही चालवू नये. न्हाव्याकडील यंत्र घोड्याच्या दाट केसांत अडकते व तापते. मेंढ्यांची लोकर कातरण्याची पाती घोड्याच्या कातडीसाठी योग्य नाहीत.

लहान यंत्रांच्या पात्यांवर क्रमांक असतो. क्रमांक जितका मोठा, तितके केस आखूड राहतात. दहा क्रमांकाचे पाते सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवते व घरगुती कामाला ते योग्य असते. चाळीस क्रमांकाचे पाते शस्त्रक्रियेपूर्वी कातडी मोकळी करण्यासाठी असते. घरी त्याचे काम नाही. वरचे आणि खालचे पाते ही जोडी असते. धार लावायची तर दोन्हींना एकदम, आणि जाणत्या कारागिराकडूनच. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की जादा पाती मिळतील काय आणि धार कोठे लावून मिळेल?

केस कापण्याआधी घोडा धुऊन पूर्ण वाळवावा. धूळमातीने धार लवकर जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी तेल द्यावे आणि पाते आपल्या मनगटाला लावून पाहावे. आपल्याला जे चटका देते, ते घोड्यालाही देते; आणि एकदा भाजलेला घोडा पुढे यंत्राचा आवाज ऐकताच बिथरतो. तोंडावरील लांब मिशा व कानांच्या आतील केस कापू नयेत. मिशा हे घोड्याचे स्पर्शेंद्रिय आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून त्या कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मनाई केली आहे. शेपटीने तर तो माश्या वारतो.

आता माझ्या सेवाकाळातील एक प्रसंग सांगतो. एका तबेल्यात वरातीच्या सात-आठ घोड्या होत्या. मालक निरनिराळे, यंत्र मात्र सामाईक. लग्नसराईच्या तोंडावर सर्वांचे केस एकाच दिवशी कापण्यात आले. एका घोडीच्या तंगाजवळ रुपयाएवढे दोन चट्टे होते. खोगीर घासले असेल, असे सर्वांना वाटले. तीन आठवड्यांत तसेच चट्टे पाच घोड्यांवर उठले आणि एका मोतद्दाराच्या मनगटावरही. तो गजकर्ण होता. बुरशीचा हा रोग सामानावाटे पसरतो आणि माणसालाही होतो. ऐन हंगामात घोड्या तबेल्यात उभ्या राहिल्या. दाणावैरण मात्र चालूच होती. चूक माझीही होती. त्याच आठवड्यात मी तेथे लस टोचण्यास गेलो होतो, ते चट्टे मी पाहिले होते, आणि यंत्राविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

तेव्हापासून मी सर्वांना एकच सांगत आलो आहे. यंत्र साधे घ्या, आणि वाचलेल्या पैशांत जादा पाती घ्या. यंत्र सामाईक असले तरी चालेल. पाती मात्र प्रत्येक घोड्याची वेगळी असावीत. काम संपताच ब्रशने केस व मळ काढावा, कारण मळावर जंतुनाशकाचा परिणाम होत नाही. मग पशुवैद्याने सांगितलेल्या जंतुनाशकाने पाती व यंत्राचा बाहेरचा भाग स्वच्छ करून पाती वाळवावीत आणि तेल लावून ठेवावीत. चट्टे असलेल्या घोड्याला तपासणीपूर्वी यंत्र लावूच नये.

पंचायत सदस्यांनी यात्रेपूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत घोड्यांची कातडी तपासून घ्यावी. शिक्षकांनी अश्वपालकांच्या मुलांना गजकर्णाची ओळख करून द्यावी. घोड्याजवळ सर्वांत जास्त वेळ पुष्कळदा तीच असतात. परळ येथे १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय या ठिकाणाहून फार दूर नाही. तज्ज्ञ जवळ आहेत. वेळेवर विचारणे एवढेच आपल्या हाती आहे.