जमिनीखालचे तेल आणि जमिनीवरचे पीक



वसंतातील रम्य संध्याकाळी श्रोत्यांनी काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा करावी आणि व्याख्यात्याने त्यांच्यापुढे डांबर, मळी आणि उसाचे पाचट आणून टाकावे, हे थोडे अरसिकपणाचेच होय. परंतु जो विषय आपल्या वाहनात, शेतात आणि पाणवठ्यावर येऊन ठेपला आहे, तो व्यासपीठावरून टाळणे बरे नव्हे.

खनिज तेल आपल्या भाषेत शिरले ते दोन नावांनी. 'रॉक ऑइल'चे झाले रॉकेल आणि 'गॅसलाइट'चे झाले घासलेट. दिवा लावणे हाच त्या तेलाचा पहिला धर्म. 1859 साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात टायटसव्हिल येथे ड्रेक याने विहीर खोदून तेल काढले, तेव्हा जगाला हवे होते ते रॉकेलच. त्याबरोबर निघणारे पेट्रोल ही पीडा वाटे. ते भडकणारे, दिव्यात घालता न येणारे; त्याचे करावयाचे काय, हा कारखानदारांपुढे पेच होता. पुढे मोटार आली आणि पीडेची लक्ष्मी झाली. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण आज आम्हांला जे सांगावयाचे आहे त्याचे बीज तीत आहे.

अलीकडे असे बोलले जाते, की तेलाची रिफायनरी जे करते तेच आता ऊस, मका, भाताचा पेंढा आणि बांबू यांपासून करता येईल. आयात थांबेल आणि शेतकरी 'ऊर्जादाता' होईल. या बोलण्यात काही तथ्य आहे व काही भुलावण आहे. ती वेगळी करून पाहावी, एवढाच आमचा हेतू.

प्रथम तेलाचा कारखाना पाहू. हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. आसामात दिग्बोई येथील रिफायनरी 1901 सालची. मुंबईजवळ तुर्भ्याला दोन मोठ्या रिफायनऱ्या 1954 आणि 1955 साली सुरू झाल्या. तेथील मुख्य क्रिया ऐकावयास अवघड, पण समजावयास सोपी आहे. कच्चे तेल साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलके अंश वाफ होऊन वर जातात, जड अंश खाली बसतात. सर्वांत वर गॅस, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल आणि तळाशी डांबर. म्हणजे येथे मुख्यतः निवडानिवड आहे. जड अंशांना अधिक भाव यावा म्हणून त्यांचे तुकडे करण्याची, म्हणजे भंजनाची, युक्ती 1913 च्या सुमारास बर्टन याने व्यवहारात आणली, आणि हूड्री याने 1930 नंतर त्यासाठी उत्प्रेरक कामास लावला. अशा शंभर-सव्वाशे वर्षांच्या शहाणपणाने आज शंभर टन तेलातून सुमारे नव्वद टन विकाऊ माल बाहेर पडतो. तेलाचा जेमतेम एक अष्टमांश भाग रसायनांकडे जातो. परंतु प्लास्टिक, कृत्रिम धागा, रंग, औषधे अशी केवढी सृष्टी त्या लहानशा भागावर उभी आहे!

आता वनस्पतीकडे वळू. कच्च्या तेलात शंभरात सुमारे पंच्याऐंशी भाग कार्बन, बाकी बहुतेक हायड्रोजन; प्राणवायू नावापुरता. वाळलेल्या लाकडात किंवा पेंढ्यात कार्बन अर्ध्याच्या आत-बाहेर आणि प्राणवायू चाळीस भागांहून अधिक. या एका फरकात सारे भेद साठवलेले आहेत. जळणे म्हणजे प्राणवायूशी संयोग पावणे. ज्याच्या अंगात प्राणवायू आधीच भरला आहे तो पदार्थ, एका अर्थाने, थोडा जळून चुकलेलाच असतो. म्हणून किलोभर कोरडे लाकूड किलोभर तेलाच्या निम्म्याहूनही कमी उष्णता देते; आणि चरकातून निघालेली ओली बगॅस तर पाचव्या हिश्श्याइतकीच. तेलसुद्धा मुळात जीवसृष्टीचेच अवशेष होत; पण त्यांतील प्राणवायू काढून टाकण्याचे काम निसर्गाने भूगर्भात कोट्यवधी वर्षे मंद आचेवर फुकट करून ठेवले आहे. तेच काम आपण एका हंगामात करू पाहतो, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती, हे एका साध्या हिशेबाने कळेल. शंभर किलो द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, आंबवली तर रसायनशास्त्राच्या नियमाने जास्तीत जास्त एक्कावन्न किलो मद्यार्क मिळतो. उरलेले एकूणपन्नास किलो कार्बन डायॉक्साइड होऊन हवेत जातात. इंधन म्हणून हा सौदा वाईट नाही, कारण साखरेतील बहुतेक उष्णता त्या एक्कावन्न किलोंत उतरते. परंतु त्याच मद्यार्कापासून एथिलीन वायू काढून नेहमीचे प्लास्टिक करू म्हटले, तर हाती फक्त एकतीस किलो लागतात. असे उद्योग झालेले आहेत. बरेलीला 1960 नंतरच्या दशकात मद्यार्कापासून कृत्रिम रबर होत असे, आणि ब्राझीलमध्ये 2010 पासून उसाच्या मद्यार्काचे एथिलीन तयार होते. पण मुंबईच्या परिसरात 1966 व 1968 साली नॅफ्थ्यापासून एथिलीन काढणारे कारखाने निघाले, आणि मद्यार्काचा मार्ग आपल्याकडे मागे पडत गेला. याला केवळ दैव कारण नव्हते, हा वजनाचा हिशेबही होता.

आता तीच शंभर किलो शर्करा दुसऱ्या जिवाणूंच्या स्वाधीन करा. दह्यात जे आम्ल असते ते लॅक्टिक आम्ल हे जिवाणू तयार करतात, आणि येथे कागदावर शंभर किलोंचे शंभर किलो मिळू शकतात. प्रत्यक्षात थोडे कमी मिळतात, इतकेच. कारण येथे प्राणवायू फेकून द्यावयाचा नाही, तो पदार्थातच ठेवावयाचा आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे 2002 पासून मक्याच्या साखरेचे हे आम्ल करून त्याचे प्लास्टिक बनवितात. त्याच्याही आधीचे उदाहरण हवे असेल तर 1922 सालचे घ्या. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे ओट धान्याच्या टरफलांपासून फरफ्युराल नावाचे द्रव्य काढू लागले. गंमत अशी, की वंगणतेल शुद्ध करण्यासाठी तेलाच्या रिफायनऱ्यांनाच हे द्रव्य उपयोगी पडते! टरफलाने तेलाची नक्कल केली नाही. तेलाला जे जमत नव्हते ते केले, म्हणून त्याला मान मिळाला.

आमचे आजचे मुख्य म्हणणे ते हेच: वनस्पतीकडून तेलाची नक्कल मागू नका, तिच्या घडणीत जे आहे तेच तिच्याकडून मागा.

दुसरा भेद गोळा करण्याचा आहे. तेल द्रव आहे, एका जागी सापडते, नळातून वाहते, टाकीत वर्षभर पडून राहते. पीक घन आहे, ओले आहे, शेतोशेती विखुरलेले आहे आणि काही आठवड्यांतच हाती येते. एका मोठ्या तेलवाहू जहाजात दोन ते तीन लाख टन तेल मावते. पानिपतला 2022 च्या ऑगस्टमध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना सुरू झाला. त्याची वर्षाची योजना अशी, की दोन लाख टन पेंढा घ्यावा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल काढावे. म्हणजे एका जहाजाच्या खेपेएवढा माल गोळा करावयाचा तर हजारो शेतांवर जाऊन काडी-काडी वेचावी, गठ्ठे बांधावे, वाहावे आणि पावसापासून राखावे. आणि एवढे करून वजनाने सुमारे अष्टमांश इंधन हाती यावे! पेंढा शेतात जाळून दिल्लीचा श्वास कोंडण्यापेक्षा हे शतपटीने बरे, यात शंका नाही. पण तेलाच्या कारखान्याचे गणित येथे लागू पडत नाही, हेही तितकेच खरे.

आम्ही तरुणपणी एका साखर कारखान्याच्या आसवनीत काही वर्षे नोकरी केली. एका उन्हाळ्यात आवारातील बगॅसच्या गंजीने पेट घेतला. दोन दिवस ती धुमसत होती. उरलेली गंज वळवाच्या पावसात भिजली आणि कुजून काळी पडली. वर्षभराचे राखीव जळण आठ दिवसांत नाहीसे झाले. वनस्पतीचा कारखाना म्हणजे नाशवंत मालाचा व्यापार, हा धडा आम्ही तेथे शिकलो. पुस्तकात तो आम्हांला भेटला नव्हता.

येथे महाराष्ट्राला एक गोष्ट अभिमानाने सांगता येईल. वनस्पतीची रिफायनरी हा शब्द जन्मण्यापूर्वीच ती वस्तू आपल्या दारी उभी होती. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे गावोगाव त्याची भावंडे निघाली. एक टन उसातून सुमारे शंभर किलो साखर, पावणेतीनशे-तीनशे किलो ओली बगॅस आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. बगॅस बॉयलरमध्ये जाऊन वाफ व वीज देते, मळीचा मद्यार्क होतो, आसवनीच्या सांडपाण्यापासून गॅस व खत होते. एकाच आवारात अन्न, ऊर्जा व रसायन! कच्चा माल बैलगाडीच्या आणि ट्रकच्या पल्ल्यातला, आणि मालकी, निदान कागदोपत्री, शेतकऱ्यांची. पुष्कळ लहान कारखाने, प्रत्येक आपल्या शिवारापुरता. वनस्पतीला हीच रचना साजते. 2021-22 च्या विक्रमी हंगामात राज्यातील सुमारे दोनशे कारखान्यांनी 13 कोटी टनांवर ऊस गाळला. त्यातील पाणी वजा केले तर कोरडा माल सुमारे चार कोटी टन उरतो. एकट्या जामनगरच्या रिफायनरीची वार्षिक क्षमता सहा कोटी टनांहून अधिक आहे. दोहोंचे प्रमाण यावरून कळावे.

प्रमाणाचा विचार येथेच पुरा करू. देशात 2024-25 साली सुमारे 24 कोटी टन पेट्रोलियम पदार्थ खपले. 2023-24 च्या इथेनॉल-वर्षात पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल सुमारे 700 कोटी लिटर होते, म्हणजे वजनाने साधारण 55 लाख टन; आणि लिटरला लिटर पाहता त्याची उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांश. 2025 साली मिश्रण वीस टक्क्यांच्या घरात गेले. हे यश लहान नाही. पण त्यासाठी मका एवढा लागला, की मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला 2024 साली तो आयात करावा लागला. त्याआधी, 2023 च्या डिसेंबरात, साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने निर्बंध घातले होते. ते पुढल्या वर्षी उठविले. पोट आणि इंजिन एकाच ताटात जेवू लागले म्हणजे कोणाला तरी हात आखडावा लागतो.

आणि पाणी? राज्याच्या पिकाऊ जमिनीचा ऊस हा अगदी लहान हिस्सा. पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तो घेतो, असे जाणकार सांगतात. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, ते आपणांपैकी कोणी विसरले नसेल. ज्या मराठवाड्यात ही पाळी आली तेथेही उसाचे मळे आणि धुराडी आहेत. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय त्याला स्वदेशी म्हणणे आम्हांला धाडसाचे वाटते.

मग वनस्पतीचा मार्ग सोडून द्यावा काय? मुळीच नव्हे. आमच्या मते त्यास तीन नियम हवेत. पहिला, अन्न आणि पाणी यांचा वाटा आधी, कारखान्याचा नंतर. दुसरा, जेथे प्राणवायू ठेवून मोल वाढते तेथे आधी जावे. म्हणजे आम्ले, द्रावके, कुजणारी प्लास्टिके यांकडे. आसामात नुमालीगड येथे 2025 च्या सप्टेंबरात उद्घाटन झालेला कारखाना बांबूपासून इथेनॉलबरोबरच फरफ्युराल आणि ॲसेटिक आम्ल काढण्यासाठी उभारला आहे; ही दिशा योग्य होय. रस्त्यावरची वाहने हळूहळू विजेवर जातील. द्रव इंधन राखून ठेवावे ते विमानासारख्या, ज्यांना दुसरा आधार नाही, अशांसाठी. पेट्रोलला एकेकाळी पीडा समजणाऱ्यांनी अखेर तळाच्या डांबरापर्यंत काही वाया घालविले नाही, हा त्यांचा गुण घ्यावा. त्यांचा साचा घेऊ नये.

तिसरा नियम आम्हांला एका शेतकऱ्याने शिकविला. काही वर्षांपूर्वी एका गावी आम्ही पाचटापासून इंधन कसे होईल, हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सायेब, पाचटाचं तेल करनार म्हंता, ते ब्येस हाय. पन मग आमच्या रानाला काय घालायचं?"

आम्ही म्हणालो, "आण्णा, खत विकत मिळेल की."

"ते तर आत्ताबी मिळतंय," ते म्हणाले, "तरीबी रान दगडावानी झालंय."

आम्हांला उत्तर सुचले नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा पटले, की त्यांचे शास्त्र आमच्याहून पक्के होते. तेलाची विहीर आटली तर आपण दुसरी शोधतो. जमिनीचा कस आटला तर दुसरी जमीन कोठून आणणार? ज्याला आपण टाकाऊ म्हणतो ते पुष्कळदा जमिनीचे जेवण असते. म्हणून शेतातून किती न्यावे याआधी शेतात किती ठेवावे हे ठरले पाहिजे, आणि ते ठरविताना कारखान्याच्या कार्यालयाबरोबर बांधावरच्या माणसालाही विचारले पाहिजे.

तेलाने आपणांस पुष्कळ दिले. पण ते साठ्यातले धन होते, खर्चून संपणारे. पीक हे उत्पन्न आहे, दरसाल येणारे. मात्र मूळ भांडवल, म्हणजे माती आणि पाणी, शाबूत राहिले तरच. साठा उधळण्याची सवय लागलेल्या माणसाने उत्पन्नावर संसार करावयाचा तर त्याला आधी हात राखून खर्च करावयास शिकले पाहिजे. ते आपण शिकलो तर उसाचे कांडे आणि भाताची काडी आपल्या नातवंडांनाही पुरेल.