अपुरें काम आणि विश्रांति

अंधेरी तालुक्यांतील जुहूच्या वाळूवर आज संध्याकाळीं पाय ठेवावयास जागा मिळत नाहीं. १९२४ सालीं तेंच जुहू नारळीच्या राईंचें निवांत गांव होतें, आणि विश्रांति कशी घ्यावी हा प्रश्न तेथें एका अतिशय उद्योगी पुरुषापुढें उभा राहिला होता.

१२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच वीज गेली, आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत उरकावें लागलें. सहा वर्षांच्या शिक्षेंतलीं दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. परंतु ५ फेब्रुवारीस सरकारनें त्यांना मुक्त केलें, आणि मार्चमध्यें ते जुहूस नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यांत राहावयास आले.

ढिलाईचा त्यांना तिटकारा असे. कमरेला घड्याळ, दिनक्रम मिनिटामिनिटाचा. वाईट हस्ताक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण आहे असें ते मानीत, आणि स्वतःच्या अक्षराची त्यांना लाज वाटे. (शिक्षकवर्गाला हें मत फारच सोयीचें पडलें, हा भाग निराळा!)

येरवड्याच्या तुरुंगांत त्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील सत्याग्रहाचा इतिहास सांगण्यास आरंभ केला होता. इंदुलाल याज्ञिक लिहून घेत. तीस प्रकरणें झालीं होतीं. तुरुंगांत संदर्भग्रंथ नव्हते. पण आतां मुंबई हाकेच्या अंतरावर होती. दुसरा एखादा काटेकोर लेखक म्हणाला असता, आधीं कागदपत्रें जुळवूं, तारखा पडताळूं, मग छापूं. गांधीजींनीं २ एप्रिल रोजीं जुहूस प्रस्तावना लिहिली, आणि तींत स्वच्छ सांगितलें कीं, तुरुंगांत ग्रंथ नव्हते आणि आतांही ते मिळविण्याचा विचार नाहीं. सविस्तर इतिहास लिहिण्यास सवडही नाहीं व इच्छाही नाहीं. चालू लढ्याला उपयोग व्हावा एवढाच हेतु आहे. त्याच महिन्यांत ‘नवजीवन’मधून लेखमाला सुरू झाली.

याला आळस म्हणतां येणार नाहीं. काम कशासाठीं करावयाचें हें ठरलें होतें, म्हणून कोठें थांबावयाचें हेंही ठरलें. पाहुणे यावयाचे म्हणून मध्यरात्रीपर्यंत डबे घांसणारी बोरिवलीची गृहिणी, किंवा बरोबर जुळलेला हिशेब रविवारीं पुन्हां तपासणारा घाटकोपरचा कारकून, यांचें नेमकें येथेंच अडतें. तिसऱ्यांदा घांसलेला डबा पाहुण्याला दिसतही नाहीं. गृहिणीची पाठ मात्र दुसऱ्या दिवशीं दुखते.

गांधीजींची विश्रांतिही कांहीं निर्दोष नव्हती. भेटीस येणाऱ्यांनीं येऊं नये अशी जाहीर विनंती त्यांना करावी लागली. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास कौन्सिलप्रवेशाचा वाद घेऊन आले. बोलणीं पुष्कळ झालीं, मतभेद राहिला तो राहिलाच. जवाहरलाल त्या दिवसांत समुद्रांत पोहत, वाळूवर घोडा फेंकीत. विश्रांति अधिक कोणाला लाभली, हें सांगावयास नको.

वीस वर्षांनीं, १९४४ च्या मे महिन्यांत, सुटकेनंतर गांधीजी पुन्हां जुहूस आले. वय चौऱ्याहत्तर. महादेवभाई व कस्तुरबा दोघांनींही आगाखान राजवाड्यांतच देह ठेविला होता, आणि स्वतःचें शरीर मलेरियानें खंगलें होतें. या खेपेस त्यांनीं सरळ मौन धरलें. सिनेमाविषयीं त्यांचें मत कधींच चांगलें नव्हतें. तरी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट त्यांनीं त्याच मुक्कामांत पाहिला.