पिलू नर की मादी?

अंगणात अगर गच्चीवर चार कोंबड्या पाळणाऱ्या गृहस्थापुढे पहिल्याच महिन्यात एक प्रश्न उभा राहतो. डालग्याखाली चिवचिवणाऱ्या पिलांत तलंगा किती आणि कोंबडे किती? प्रश्न दिसावयास किरकोळ. परंतु त्याच्या उत्तरावर एका जिवाचे भवितव्य अवलंबून असते. तलंग ठरली तर तिला दाणा आणि दीर्घ आयुष्य. कोंबडा ठरला तर बहुधा त्याची गाठ सुरीशी. म्हणून हा निकाल घाईने देणे बरे नव्हे.

घाई मात्र मनुष्याला फार पूर्वीपासून आहे. पिलू बाहेर येण्यापूर्वीच, अंड्याच्या आकारावरून त्याचे भाकीत करण्याचा हव्यास पुरातन आहे. लांबट व टोकदार अंड्यातून मादी निघते, असे ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याच्या ग्रंथात म्हटले आहे. तर तशाच अंड्यातून नर निघतो, असे पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कॉल्युमेला सांगतो. वस्तुतः दोघेही चुकले. पक्ष्यांत नर की मादी हा निर्णय मादीच्या बीजात होतो. अंड्याला आकार येतो तो त्यानंतर, अंडनलिकेतून खाली उतरताना. तेव्हा आकारावरून काहीच कळत नाही.

घरी ओळखावयाचे तर धीर धरावा लागतो. पहिले तीन-चार आठवडे सामान्य पिलांत भरवशाचा फरक दिसत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तुऱ्याकडे लक्ष द्यावे. सोबतच्या पिलांपेक्षा ज्याचा तुरा मोठा व लालबुंद होऊ लागतो, ते बहुधा नर. चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीचेही तसेच. मादीचा तुरा फिकट राहतो आणि ती अंड्यावर येण्याच्या सुमारास तांबडा होतो. तथापि लेगहॉर्न जातीत तलंगेचा तुराही मोठा असतो. म्हणून तुलना करावी ती एकाच जातीच्या व एकाच वयाच्या पिलांत. धीट तो कोंबडा आणि भित्री ती कोंबडी, असे मानण्यात मात्र अर्थ नाही. झुंज दोन्ही पिले खेळतात.

तुऱ्याहून भरवशाचा साक्षीदार म्हणजे पीस. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मानेवरची आणि शेपटीच्या बुडाशी पाठीवरून झुकणारी पिसे पाहावीत. नराची पिसे अरुंद, टोकदार व चकचकीत; मादीची टोकाशी गोलसर. यालाही अपवाद आहेच. सेब्राइट या इंग्रजी जातीत कोंबड्याचा पिसाराही कोंबडीसारखाच असतो. पुढे आरवणे ऐकू आले की शंका बहुतेक फिटते.

व्यापाराला इतका धीर नसतो. अंडी देणाऱ्या जातीचा नर अंडे देत नाही आणि मांसासाठी वाढवावा तर खर्च निघत नाही. त्याला तीन महिने दाणा कोण घालणार? एका दिवसाच्या पिलाच्या गुदद्वारातील टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहून नर-मादी निवडण्याची विद्या जपानमध्ये मासुई, हाशिमोतो आदी शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आणि १९२७ साली ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेपुढे ठेवली. या विद्येला हाताची मोठी तालीम लागते. घरी हा प्रयोग केल्यास नाजूक पिलाला इजा व्हावयाची. केंब्रिज येथे प्राध्यापक पनेट यांनी निराळी वाट काढली. १९२९ साली त्यांच्याकडे सिद्ध झालेल्या कॅम्बार जातीत नर पिलाची लव जन्मतःच मादीहून फिकी असते, आणि निवड केवळ रंगावरून होते.

ज्ञान वाढले, परंतु त्याचा भार नर पिलांवर पडला. जन्मल्या दिवशीच ओळख पटू लागल्यामुळे जन्मल्या दिवशीच त्यांना मारण्याचा प्रघात जगभर पडला. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यास कायद्याने बंदी केली. तेथे आता पिलू फुटण्यापूर्वी अंड्यातच परीक्षा करण्याची साधने वापरली जातात. अ‍ॅरिस्टॉटलने ज्याचा माग अंड्याच्या आकारात घेतला, ते सुमारे तेवीसशे वर्षांनी यंत्राला साधले आहे.

घरच्या खुराड्याला अशी निकड नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, आणि शहरात पहाटेच्या आरवण्याने शेजारी कुरकुरतात, हे खरे. तरीही चार मुठी दाणा वाचविण्यासाठी अर्धवट ओळखीवर कोणाची वासलात लावणे शहाणपणाचे नव्हे. ज्याला कोंबडा म्हणून काढून टाकावे, तीच खुराड्यातील उत्तम अंडी देणारी कोंबडी असू शकेल. तुरा, पीस आणि आवाज यांचे एकमत होईपर्यंत दाणा सर्वांना सारखाच टाकावा.