खिडकीतली वजनं



सुतारकामाच्या तासाला माझा पाट कधी काटकोनात बसला नाही. तोच मी आज लाकडाबद्दल बोलतोय, हसू नका.

लंडनमधलं आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं. खिडकीला दोन झडपा, वर-खाली सरकणाऱ्या. चौकटीच्या पोकळीत ओतीव लोखंडाची वजनं टांगलेली, त्यांची दोरी कप्पीवरून झडपेला. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचंच भावंड. आमच्या दोऱ्या तुटलेल्या, खालची पट्टी कुजलेली. "काढा, प्लास्टिकची बसवा," सगळे म्हणाले, घरचेसुद्धा. मी टोचा मारून पाहिला, तर बाकीचं जुनं पाइन टणक होतं. कुजका भाग कापून नवा तुकडा सांधला, काचेला अळशीच्या तेलातली लांबी भरली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो ओला करूनच खरवडला.

चुकलो ते वजनांत. वरच्या झडपेला तिच्याहून किंचित जड वजनं लागतात, म्हणजे ती वर टिकते. खालच्या झडपेला किंचित हलकी, म्हणजे ती बंद राहते. मी अदलाबदल केली. जानेवारीची रात्र, वरची झडप हळूहळू खाली येतेय, आणि बायको एक शब्द बोलली नाही! सकाळी सगळं पुन्हा उघडलं.

आता खिडकी एका बोटाने वर जाते. अजून चार बाकी आहेत. सर, सांधा थोडा तिरकाच आलाय. फोटो आणलाय, जेवताना दाखवतो.