घरच्या मत्स्यपात्रांतील अनाहूत जीव

समुद्रघोड्यास जठर नसतें; म्हणून त्यास दिवसांतून अनेकदां सूक्ष्म जिवंत भक्ष्य पुरवावें लागतें. त्यांतील उरलेल्या भक्ष्यावर दंश करणारे बारीक जीव पात्रांत पोसले जातात, आणि शेपटीनें आधार धरून राहणाऱ्या त्या संथ माशास त्यांपासून पळतां येत नाहीं. शिवाय भारतांत २००१ पासून समुद्रघोड्यास वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. तो घरीं पाळूं नये.

तथापि हा धडा कर्जत-खालापुराकडे गोड्या पाण्यांतील मासे पाळणाऱ्यांसही लागू पडतो. ओढ्यांतील वनस्पतींबरोबर गोगलगाई, हायड्रा आणि चतुराच्या अळ्या पात्रांत शिरतात. ही अळी लहान मासे पकडून खाते. हायड्रा नवजात पिलांस दंश करतो. म्हणून आणलेली वनस्पति प्रथम दोन-तीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावी. गोगलगाई व अळ्या हातानें वेचाव्या; खाद्य बेतानें द्यावें, म्हणजे हायड्राही ओसरतो. तांबेयुक्त औषधानें गोगलगाई मरतात खऱ्या, परंतु त्या कुजून पाणी नासतें आणि मासे दगावतात.

बाजारांतून आलेला परदेशी मासा किंवा गोगलगाय नकोशी झाली, तरी ती उल्हास वा पाताळगंगेंत सोडूं नये. पात्रांतून वेचतां येणारा जीव नदींत पसरल्यावर परत काढतां येत नाहीं.