परगावचा सामना : जावे तरी कोठे?

क्रिकेटचा खेळ घरबसल्या ऐकावयास आणि पाहावयासही मिळू लागल्यापासून सामन्यासाठी प्रवास करणे हा कित्येकांना निव्वळ वेडेपणा वाटतो. तरीही वर्षातून एकदा तरी आपल्या संघाबरोबर परक्या मैदानावर जाऊन बसावे, ही हौस अनेक घरांत अद्याप जिवंत आहे. रजा थोडी, पैसा मोजका आणि सामने मात्र पुष्कळ. मग निवड करावयाची ती कोणत्या कसोटीवर, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

बुलढाण्याच्या रहिवाशापुढे हा प्रश्न काहीशा चमत्कारिक रूपात उभा राहतो. हे जिल्ह्याचे ठाणे खरे. पण गावाला रेल्वे नाही. राजूर घाट उतरून, मोताळ्यावरून मलकापूर गाठावे, तेव्हा कोठे मुंबई-नागपूर लोहमार्गाचे दर्शन घडते. विदर्भाच्या संघाचे घर नागपूर. परंतु नकाशा पुढे ठेवला तर ते घर सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, आणि मलकापूर, बऱ्हाणपूर, खंडवा या वाटेने जाणारे परप्रांतातील इंदूर त्याहून थोडे जवळच! म्हणजे बुलढाणेकराला घरचा सामनाही परगावचा आणि परगावचा सामना कधीकधी घरच्याहून निकट. समृद्धी महामार्ग मेहकराजवळून गेल्यामुळे नागपूरचा प्रवास अलीकडे सुसह्य झाला आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे.

तेव्हा अंतर ही पहिली कसोटी. पण ती एकच धरली तर फसगत होते. 2017 सालच्या डिसेंबरात विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या उपांत्य फेरीत कर्नाटकाशी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर खेळला. कर्नाटकाला विजयासाठी 198 धावा हव्या होत्या. पाचव्या दिवशी, 21 डिसेंबरला, त्यांचा डाव 192 वर आटोपला आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले. मलकापुराहून कलकत्ता म्हणजे रेल्वेचा अखंड एक दिवस. इतक्या लांब कोण जातो, असे म्हणून घरी राहिलेल्यांनी विदर्भाच्या इतिहासातील एक अत्यंत चुरशीची सकाळ दुरूनच अनुभवली.

लगेच आठ दिवसांनी, 29 डिसेंबरला, दिल्लीविरुद्धचा अंतिम सामना इंदूरला सुरू झाला. येथे अंतराची सबब नव्हती. गुरबानीने दुसऱ्या दिवशी लागोपाठ तीन बळी टिपले, अक्षय वाडकरने 133 धावा काढल्या आणि 1 जानेवारी 2018 रोजी, म्हणजे चौथ्याच दिवशी, फैज फझलच्या संघाने नऊ गडी राखून करंडक जिंकला. 1957-58 पासून या स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाचे ते पहिले अजिंक्यपद. ज्याने 'निकाल पाचव्या दिवशी लागेल' असा हिशेब करून चौथ्या रात्रीची गाडी ठरविली असेल, त्याच्या हाती रिकामे मैदान आले असेल! त्या मैदानालाही नाव होळकरांचे. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू ज्या होळकर संघाकडून गाजले, त्याच इंदुरात नागपूरकरांनी पहिला करंडक उचलावा, हा योग काही निराळाच.

येथून दुसरी कसोटी निघते, ती दिवसाची. बादफेरीचे सामने पाच दिवसांचे असतात आणि नोकरदाराला तितकी रजा मिळत नाही. मग शेवटचा दिवस निवडावा काय? कलकत्त्यास पाचवा दिवस मोलाचा ठरला, इंदुरास चौथा. 2025 सालच्या अंतिम सामन्यात, नागपूरच्या जामठा मैदानावर, केरळचा डाव 342 वर संपून विदर्भाला 37 धावांची आघाडी मिळाली तो दिवस तिसरा होता. सामना अनिर्णित राहूनही त्या आघाडीवरच करंडक मिळाला. सारांश, निर्णायक दिवस आधी सांगणारा ज्योतिषी नाही. दोनच दिवस हाती असतील त्याने तिसरा व चौथा धरावा. तोपर्यंत सामन्याने रूप घेतलेले असते आणि प्रायः तो संपलेला नसतो.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. विजयाची खात्री असेल तेथेच जावे काय? 2024 सालच्या मार्चमध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर विदर्भ पहिल्या डावात 105 धावांतच गारद झाला. पुढे विजयासाठी 538 धावांचा डोंगर उभा राहिला. शहाण्या माणसाने तेव्हाच परतीचे तिकीट काढले असते. पण कर्णधार वाडकरने पाचव्या दिवशी शतक पूर्ण केले, हर्ष दुबेने त्याला साथ दिली आणि डाव 368 पर्यंत लांबला. विदर्भ 169 धावांनी हरला. तथापि त्या झुंजीचा साक्षीदार रिकाम्या हातांनी परतला, असे कोण म्हणेल? जिंकणाऱ्या संघाला टाळ्या वाजविणारे पुष्कळ मिळतात. परक्या मैदानावर, हरत असताना, आपल्या बोलीत हाक मारणारा एखादाच असतो, आणि प्रवासाचे खरे मोल तेथेच आहे.

अखेरची कसोटी घरातली. अशी कल्पना करावी की, बुलढाण्यातील एका घरी बैठक बसली आहे. मुलगा म्हणतो, "मुंबईला जाऊ, प्रतिस्पर्धी मोठा आहे." त्याची आई हिशेबाची वही पुढे सरकवते, कारण रणजी सामन्याला बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसले तरी मुंबईच्या मुक्कामाला ते असतेच असते! कोपऱ्यातील आजोबा बराच वेळ गप्प असतात. त्यांनी आयुष्यभर धावफलक कानांनी वाचला. मैदान मात्र एकदाही पाहिले नाही. शेवटी ते म्हणतात, "तुम्ही कोठेही जा रे. माझे गुडघे आता जिने चढत नाहीत." त्याबरोबर प्रश्न आपोआप सुटतो. सामना थोर की लहान, हा विचार मागे पडतो आणि आजोबांना झेपेल असा एक दिवसाचा प्रवास ठरतो. वाटेत शेगावला दर्शन, अकोल्यास चहा, आणि दुसऱ्या दिवशी थंडीच्या कोवळ्या उन्हात जामठ्याची खालची बाके.

संघ पुढच्या वर्षीही खेळेल, करंडक पुन्हा केव्हातरी येईल. बरोबर नेण्याची माणसे मात्र दर वर्षी तीच राहतील, असे नाही. म्हणून वेळापत्रक हाती पडताच अंतर पाहावे, दिवस पाहावा, प्रतिस्पर्धीही पाहावा. परंतु सर्वांत आधी पाहावे ते सोबतीला कोण आहे हे. एवढे ठरले म्हणजे मैदान कोणते, हे ठरावयास फारसा वेळ लागत नाही.